रेडिओ संचाच्या मेमरीत फ्रिक्वेन्सी साठवणे आणि ती हवी तेव्हा पुन्हा लावणे

हौशी (हॅम) रेडिओ संचाच्या पडद्यावर १४५.७५० हा आकडा अगदी बरोबर उमटलेला असतो, पीटीटी (बोलण्यासाठी दाबून धरायचे बटण) दाबले की लाल दिवाही लागतो, पण रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेले दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवणारे केंद्र) काही केल्या उघडत नाही. संच बिघडला असावा असे वाटून माणूस अँटेना काढून पुन्हा बसवतो, बॅटरी बदलतो, गच्चीवर जाऊन पाहतो, आणि शेवटी दोष निघतो तो मेमरीत. साठवताना ऐकण्याची फ्रिक्वेन्सी तेवढी आत गेलेली असते. बोलण्याची फ्रिक्वेन्सी आणि टोन (रिपीटर उघडणारा ठरावीक सूर) बाहेरच राहिलेले असतात. मी पहिल्यांदा हाताने वीसेक चॅनल भरले, तेव्हा त्यांतल्या एकाही रिपीटरवर मला बोलता आले नव्हते, आणि ही गोष्ट लक्षात आली ती नेमकी ज्या दिवशी संचाची गरज होती त्या दिवशी. म्हणून या लेखात बटणे कोणती दाबायची याइतकाच भर, दाबण्यापूर्वी काय ठरवायचे आणि दाबून झाल्यावर काय तपासायचे, यावर दिलेला आहे.

मेमरीच्या एका घरात काय काय असते

मेमरी म्हणजे क्रमांक घातलेली घरे. एका घराला आपण चॅनल म्हणतो. या घरात एकच आकडा राहतो अशी समजूत असते, पण प्रत्यक्षात तिथे संचाची त्या क्षणाची जवळजवळ सगळी मांडणी साठवलेली असते: ऐकण्याची फ्रिक्वेन्सी, बोलण्याची फ्रिक्वेन्सी किंवा तिच्यासाठी लागणारी शिफ्ट (ऐकण्याच्या आकड्यापासून वर की खाली सरकायचे) आणि ऑफसेट (किती सरकायचे), पाठवायचा टोन, ऐकताना तपासायचा टोन, एफएम, एएम, एसएसबी किंवा सीडब्ल्यू (मोर्स) हा मोड, म्हणजे प्रसारणाची पद्धत, चॅनलची रुंदी, पॉवरची पातळी, नाव आणि स्कॅनमध्ये हे घर घ्यायचे की वगळायचे याची खूण. यांतले काय काय साठवले जाते हे संचानुसार बदलते, पण नियम सगळीकडे एकच आहे: साठवण्याचे बटण दाबले त्या क्षणी व्हीएफओमध्ये, म्हणजे डायल फिरवून फ्रिक्वेन्सी लावण्याच्या अवस्थेत, जे होते, ते घरात जाते. नंतर आठवलेला टोन आपोआप आत जात नाही.

व्हीएफओ आणि मेमरी या दोन अवस्थांमधला फरक इथेच स्पष्ट करून घेतला पाहिजे. व्हीएफओ ही पाटी आहे; तिच्यावर लिहावे, पुसावे, डायल फिरवून आकडा हवा तसा बदलावा. मेमरी ही वही आहे. तिच्यात लिहिलेले पाहता येते, पण बदलायचे असेल तर ते पुन्हा पाटीवर उतरवून, दुरुस्त करून, नव्याने लिहावे लागते. अनेक संचांवर मेमरी अवस्थेत असतानाही मेनूत जाऊन टोन बदलता येतो आणि तो त्या वेळेपुरता लागूही होतो. मात्र चॅनल बदलून परत आले की जुना टोन पुन्हा हजर असतो. हा संचाचा बिघाड नाही, ती वहीच आहे.

आधी कागद

संच हातात घेण्यापूर्वी कागदावर तक्ता आखावा, असा माझा आग्रह आहे, आणि संगणकावर चॅनल भरणाऱ्यांनाही तो लागू आहे. स्तंभ पुढीलप्रमाणे असावेत: घराचा क्रमांक, नाव, ऐकण्याची फ्रिक्वेन्सी, बोलण्याची फ्रिक्वेन्सी, पाठवायचा टोन, ऐकायचा टोन, रुंदी, पॉवर आणि स्कॅन. एक ओळ प्रत्यक्ष भरून पाहू. समजा, रिपीटर १४५.७५० मेगाहर्ट्झवर बोलतो, दोन मीटर बँडवर नेहमी आढळणारी उणे ६०० किलोहर्ट्झची शिफ्ट वापरतो आणि ८८.५ हर्ट्झचा टोन मागतो. मग ऐकण्याच्या स्तंभात १४५.७५०, बोलण्याच्या स्तंभात १४५.१५०, पाठवायच्या टोनखाली ८८.५ आणि ऐकायच्या टोनखाली रेघ. वजाबाकी कागदावरच करून ठेवावी, कारण पुढे काही संचांत हाच दुसरा आकडा हाताने द्यावा लागतो.

ऐकायच्या टोनचा स्तंभ पहिल्या फेरीत मुद्दाम रिकामा ठेवावा. या टोनचेच नाव सीटीसीएसएस; तो आवाजाखाली लपलेला बारीक सूर असतो. संचांत त्याच्या ६७.० ते २५४.१ हर्ट्झपर्यंतच्या ठरलेल्या पायऱ्या दिलेल्या असतात. तो पाठवायला लावला तर रिपीटर आपल्यासाठी उघडतो. तोच ऐकायला लावला, तर आपला संच तो सूर आल्याशिवाय तोंड उघडत नाही. रिपीटर आपल्या प्रसारणात तो सूर परत पाठवत नसेल, तर सिग्नलची पट्टी पूर्ण भरलेली दिसते आणि स्पीकर मात्र गप्प राहतो. नवख्याला याहून गोंधळात टाकणारे दृश्य नाही. डीसीएसचेही तसेच आहे; फक्त तिथे सुराऐवजी ०२३ सारखा अंकी संकेत असतो.

रुंदीच्या स्तंभाकडे दुर्लक्ष होते. २५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर एफएमचे विचलन, म्हणजे आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी मधल्या आकड्यापासून सरकण्याचे अंतर, ५ किलोहर्ट्झपर्यंत जाते, तर १२.५ च्या चॅनलवर ते २.५ पर्यंत असते. आपला संच अरुंद आणि समोरचे सगळे रुंद असतील, तर आपला आवाज त्यांना लांबून बोलल्यासारखा बारीक ऐकू येतो. उलट असेल तर शब्द फाटतात.

क्रमांकांची वाटणीही कागदावरच करावी. मी पहिली वीस घरे थेट संपर्काच्या फ्रिक्वेन्सींना, त्यापुढची रिपीटरना आणि शंभरापुढची केवळ ऐकण्याच्या चॅनलना देतो. वाटणी कोणतीही चालेल, पण मध्ये मोकळी घरे सोडावीत; नाहीतर सहा महिन्यांनी मिळालेला नवा रिपीटर एकटाच शेवटी जाऊन बसतो आणि अंधारात डायल फिरवताना तो सापडत नाही.

स्टेपचा सापळा

आकडा देण्यापूर्वी व्हीएफओची स्टेप, म्हणजे डायलच्या एका टप्प्याला फ्रिक्वेन्सी किती सरकते ते, पाहावी. १४५.५८७५ ही फ्रिक्वेन्सी १२.५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर बसते, ५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर बसत नाही. स्टेप ५ वर असताना हा आकडा दिला, तर संच तो नाकारतो किंवा न सांगता जवळच्या पायरीवर सरकवतो. अडीच किलोहर्ट्झने हललेला चॅनल एफएमवर ऐकू येतो, पण किंचित खरखरीत, आणि मग आपण अँटेनाला दोष देत बसतो. शिवाय स्वस्त संचांच्या पडद्यावर सहाच मोठे अंक मावतात. उरलेले ५० बाजूला बारीक अक्षरांत दिसतात. ते बारीक अंक वाचण्याची सवय लावून घ्यावी.

हाताने साठवणे: एक संच जवळून

उदाहरणासाठी बाओफेंगचा यूव्ही-५आर घेतो. तो सर्वांत चांगला संच आहे म्हणून नव्हे. पण तो असंख्य लोकांच्या हातात आहे आणि त्याची साठवण्याची पद्धत इतकी वाकडी आहे की ती समजली की बाकीचे संच सोपे वाटतात. त्यात ० ते १२७ अशी १२८ घरे आहेत.

प्रथम व्हीएफओ/एमआर हे बटण दाबून संच व्हीएफओ अवस्थेत आणावा. पडद्यावर उजवीकडे चॅनलचा क्रमांक दिसत असेल तर आपण अजून मेमरीतच आहोत. नंतर ए/बी बटणाने बाण वरच्या ओळीकडे न्यावा. साठवण्याचे काम नेहमी वरच्या, म्हणजे ए ओळीतूनच करावे. दोन फ्रिक्वेन्सी आळीपाळीने ऐकण्याची सोय मेनू ७ मध्ये असते, ती या कामापुरती बंद ठेवावी, म्हणजे मध्येच बाण उडी मारत नाही.

दुसरे काम घर मोकळे करण्याचे. मेनू दाबून २८ हा क्रमांक द्यावा, पुन्हा मेनू दाबावे, घराचा क्रमांक द्यावा, मेनूने पक्के करावे आणि एक्झिटने बाहेर यावे. भरलेल्या घराच्या क्रमांकाआधी सीएच ही अक्षरे दिसतात, मोकळ्या घराला नुसता क्रमांक असतो. ही पायरी वगळली तर काय होते, ते पुढे लगेच कळेल.

आता १४५.७५० हा आकडा कळफलकावरून द्यावा. मग मेनू १३ मध्ये पाठवायचा टोन ८८.५ ठेवावा, मेनू ११ मध्ये ऐकायचा टोन बंद ठेवावा, डीसीएसचे १० आणि १२ हे दोन्ही मेनू बंद आहेत याची खात्री करावी, मेनू ५ मध्ये रुंदी आणि मेनू २ मध्ये पॉवर ठरवावी. हे सगळे साठवण्यापूर्वी. मग मेनू, २७, मेनू, घराचा क्रमांक तीन अंकांत, उदाहरणार्थ ०२१, आणि पुन्हा मेनू. आवाज चालू ठेवला असेल तर संच इंग्रजीत सांगतो की ऐकण्याची मेमरी भरली. एक्झिट दाबावे.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि लेखाच्या सुरुवातीचा मुका रिपीटर इथेच जन्माला येतो. काम अर्धेच झालेले आहे. आता त्याच व्हीएफओवर १४५.१५० हा बोलण्याचा आकडा द्यावा आणि मेनू, २७, मेनू, तोच ०२१, मेनू ही साखळी दुसऱ्यांदा करावी. या वेळी संच बोलण्याची मेमरी भरल्याचे सांगतो. एकाच घरात दुसऱ्यांदा साठवले की हा संच जुने पुसून नवे लिहीत नाही; दुसरा आकडा तो बोलण्याची फ्रिक्वेन्सी समजतो. घर आधी मोकळे करायला सांगितले ते याचसाठी. जुने चॅनल न पुसता त्यावर नवे लिहू पाहणाऱ्याच्या हाती एक विचित्र घर येते, ज्याची ऐकण्याची बाजू जुनी आणि बोलण्याची बाजू नवी असते, आणि पडद्यावर मात्र सगळे ठीक दिसते.

नाव देण्याची सोय या संचाच्या कळफलकावर नाही. सात अक्षरांपर्यंतचे नाव संगणकावरूनच घालावे लागते. तोपर्यंत कागदी तक्ताच नावाचे काम करतो.

दुसऱ्या पठडीचे संच

येसूच्या एफटी-६० सारख्या संचात हेच काम कमी बटणांत होते. व्हीएफओवर फ्रिक्वेन्सी, शिफ्ट आणि टोन लावून घ्यावेत, एफ/डब्ल्यू हे बटण सेकंदभर दाबून धरावे, सोडल्यावर काही सेकंदांच्या आत डायल फिरवून घर निवडावे आणि तेच बटण पुन्हा एकदा हलके दाबावे. शिफ्ट व्हीएफओतच लागलेली असल्यामुळे बोलण्याचा आकडा वेगळा द्यावा लागत नाही. पण बोलण्याची फ्रिक्वेन्सी नेहमीच्या शिफ्टमध्ये बसणारी नसेल, तर ऐकण्याची बाजू साठवून झाल्यावर व्हीएफओवर बोलण्याचा आकडा लावावा, एफ/डब्ल्यू धरून तेच घर निवडावे आणि शेवटचे दाबणे पीटीटी दाबून धरलेले असताना करावे. पीटीटीला हात लावताना मन कचरते, पण या क्रमात संच प्रसारण करत नाही. ती फक्त खूण असते.

शिफ्ट आपोआप लावणारे संच सोयीचे असतात खरे, पण ते ज्या विभागासाठी बनवले त्या विभागाच्या बँड आखणीप्रमाणे शिफ्ट लावतात. सत्तर सेंटिमीटरच्या (४३० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) बँडवर कुठे १.६, कुठे ५, तर कुठे ७.६ मेगाहर्ट्झची शिफ्ट चालते. दुसऱ्या विभागासाठीचा संच वापरणाऱ्याने ही स्वयंचलित सोय बंद करून शिफ्टची दिशा आणि मोजमाप स्वतः ठरवावे, हे बरे.

एचएफच्या (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या) टेबलावरच्या संचांत सहसा व्ही/एम नावाचे बटण दोन अवस्थांमध्ये नेते-आणते, एमडब्ल्यू हे बटण सेकंदभर धरले की साठवले जाते, आणि आकडा मेमरीतून व्हीएफओत उतरवण्यासाठी वेगळे बटण किंवा पडद्यावरची कळ असते. आयकॉमच्या आयसी-७३०० मध्ये ९९ नेहमीची घरे आणि स्कॅनच्या दोन टोकांसाठी दोन, अशी एकूण १०१ घरे आहेत. एचएफवर मोड नीट साठवणे सर्वांत महत्त्वाचे: १४.०७४ वरचा एफटी८ (संगणकावरून चालणारा अंकी संवाद) यूएसबीत (एसएसबीच्या वरच्या बाजूत), १०.००० वरचे डब्ल्यूडब्ल्यूव्ही या अमेरिकी केंद्राचे वेळेचे संकेत एएममध्ये. आकडा तोच ठेवून मोड चुकला, तर ऐकू येणारी गोष्ट पार बदलते.

पाच घरांचे दोन खेळ

मेमरीचा खरा उपयोग रिपीटरपलीकडे जाऊन पाहिला की कळतो. एनसीडीएक्सएफ आणि आयएआरयू या हौशी रेडिओ संस्थांचे बीकन (ठरावीक वेळी सिग्नल पाठवणारी केंद्रे) १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० या पाच फ्रिक्वेन्सींवर चालतात. जगभरातली ठरलेली १८ केंद्रे दर तीन मिनिटांच्या फेऱ्यात आपापल्या पाळीने दहा-दहा सेकंद बोलतात: आधी मोर्समध्ये कॉलसाइन (केंद्राचे ओळखचिन्ह), मग १०० वॉटपासून ०.१ वॉटपर्यंत उतरत जाणाऱ्या चार लांब रेघा. एका बँडवरची पाळी संपली की तेच केंद्र पुढच्या वरच्या बँडवर जाते. हे पाच आकडे सीडब्ल्यू मोडमध्ये ओळीने पाच घरांत ठेवले आणि घड्याळ पाहून दर दहा सेकंदांनी एक घर पुढे सरकले, तर एकाच केंद्राचा माग पाचही बँडवर काढता येतो, आणि कोणता बँड कुठे उघडा आहे हे मिनिटभरात कानाने कळते. व्हीएफओची डायल फिरवत हे करणे हाताला जमत नाही.

दुसरा खेळ आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा. त्याच्यावरचा रिपीटर चालू असतो तेव्हा तो १४५.९९० वर ऐकतो, ६७.० हर्ट्झचा टोन मागतो आणि ४३७.८०० वर बोलतो. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असल्यामुळे डॉप्लर परिणामाने ४३७ च्या बाजूला जवळजवळ १० किलोहर्ट्झचा फरक पडतो. येताना आकडा वर असतो, जाताना खाली. म्हणून पाच घरे भरावीत: ऐकण्याची बाजू अनुक्रमे ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५ आणि ४३७.७९०, तर बोलण्याची बाजू पाचही घरांत १४५.९९०, कारण खालच्या बँडवरचा साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपासचा फरक एफएम सहसा खपवून घेते. पाठवायचा टोन पाचही घरांत ६७.०, ऐकायचा टोन कुठेच नाही. स्थानक क्षितिजावर आले की पहिल्या घरापासून सुरुवात करावी आणि आवाज फाटू लागला की पुढच्या घरात जावे. डोक्यावरून जाताना मधली दोन-तीन घरे भराभर बदलावी लागतात. दोन वेगळ्या बँडांची ही घरे वर सांगितलेल्या दोनदा साठवण्याच्या पद्धतीने यूव्ही-५आर मध्येही भरता येतात. स्क्वेल्च (सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणारी सोय) मात्र उघडे ठेवावे, नाहीतर अशक्त सिग्नल दाराबाहेरच राहतो. बोलण्यासाठी परवाना लागतोच. ऐकण्याचे नियम आपापल्या देशात पाहून घ्यावेत.

साठवलेले पुन्हा लावणे

मेमरी अवस्थेत जाऊन डायल किंवा वर-खाली बटणांनी घरे ओळीने पाहता येतात. रिकामी घरे संच स्वतःच ओलांडतो. घर माहीत असेल तर क्रमांक थेट द्यावा, पण संच जितके अंक मागतो तितके द्यावेत. तीन अंकी क्रमांकाच्या संचावर एकविसावे घर ०२१ असे द्यावे लागते. नुसते २१ दिले तर तो तिसऱ्या अंकाची वाट पाहत राहतो आणि आपल्याला वाटते की कळफलक अडकला. काही संचांत कॉल नावाचे बटण असते; त्यावर सर्वांत महत्त्वाचा एकच चॅनल ठेवावा, म्हणजे घाईत एका दाबात तो लागतो.

पडद्यावर नाव, क्रमांक की फ्रिक्वेन्सी दाखवायची हे निवडता येते. यूव्ही-५आर मध्ये वरच्या ओळीसाठी मेनू २१ आणि खालच्या ओळीसाठी मेनू २२ आहे. माझी सोय अशी, की वर नाव आणि खाली फ्रिक्वेन्सी ठेवून दोन्ही ओळींवर तोच चॅनल लावायचा. मग नाव आणि आकडा एकत्र दिसतात. दोन ओळींचा धोका तेवढा लक्षात ठेवावा: दोन्हींवर ऐकणे चालू असेल, तर पीटीटी दाबताना बाण कुठे आहे ते पाहूनच बोलावे. खालच्या ओळीवर आलेल्या हाकेला वरच्या ओळीवरून उत्तर देणारे आपण पहिले नसतो.

चॅनलांची संख्या वाढली की स्कॅन उपयोगी पडते, पण सगळी घरे स्कॅनमध्ये ठेवली तर ती निरुपयोगी होते. हवामानाचे सतत चालणारे प्रसारण किंवा नेहमी गुणगुणणारा एखादा वाहक (बोलण्याविना चालू असलेला सिग्नल) असलेले घर वगळण्याची खूण करून बाजूला काढावे, नाहीतर स्कॅन दर फेरीत तिथेच अडकते. थांबण्याची पद्धतही निवडता येते: काही सेकंद थांबून पुढे जाणे, सिग्नल असेपर्यंत थांबणे, किंवा पहिल्या सिग्नलवर कायमचे थांबणे. संवाद ऐकायचा असेल तर मधली पद्धत बरी. एफटी-६० सारख्या संचांत १००० घरे दहा बँकांत, म्हणजे गटांत, विभागता येतात. तिथे स्कॅन बँकेपुरता मर्यादित ठेवावा.

भरून झाल्यावरची तपासणी

प्रत्येक नव्या घराची तपासणी करण्यासाठी संच एकदा बंद करून पुन्हा चालू करावा आणि ते घर क्रमांक देऊन काढावे. व्हीएफओतून तपासू नये, कारण तिथे अजून मघाचीच मांडणी उभी असते आणि ती सगळे बरोबर असल्याचे भासवते. मग रिव्हर्सचे (ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रिक्वेन्सी अदलाबदल करणारे) बटण दाबावे. यूव्ही-५आर मध्ये ते ताऱ्याच्या खुणेचे स्कॅन बटण हलके दाबून होते. रिपीटरच्या घरात पडद्यावर १४५.१५० दिसले पाहिजे. दिसले नाही तर बोलण्याची बाजू भरलेलीच नाही. पाठवायचा टोन लागला असेल तर सीटी हे चिन्ह असते. पण ते टोन कोणता हे सांगत नाही, म्हणून मेनूत जाऊन आकडा वाचावा. शेवटी, फ्रिक्वेन्सी मोकळी आहे हे ऐकून, आपला कॉलसाइन देऊन क्षणभर पीटीटी दाबावे आणि सोडल्यावर रिपीटरची शेपटी, म्हणजे तो बंद होण्यापूर्वीचा थोडा वेळ चालू राहणारा वाहक, ऐकू येतो का ते पाहावे.

शेपटी ऐकू येत नसेल तर शोधाचा क्रम असा ठेवावा: आधी शिफ्टची दिशा, मग तिचे मोजमाप, मग पाठवायचा टोन, मग रुंदी. सिग्नलची पट्टी हलते पण आवाज नाही, अशी तक्रार असेल तर मॉनिटरचे (टोन न तपासता स्पीकर उघडणारे) बटण धरून पाहावे. ते धरल्यावर आवाज आला तर ऐकायचा टोन चुकून लागलेला आहे, हे नक्की.

संगणकावरून भरणे

दहापेक्षा जास्त चॅनल असतील तर चर्प ही मोफत आणि मुक्तस्रोत प्रणाली वापरावी. ती विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते आणि अनेक कंपन्यांचे संच ओळखते. तरीही निदान दोन चॅनल आधी हाताने भरावेत, असे मी सांगेन. प्रवासात रिपीटरचा टोन बदलल्याचे कळते तेव्हा जवळ केबल नसते.

केबल संच बंद असताना लावावी आणि तिचा प्लग शेवटपर्यंत आत गेला आहे हे अंगठ्याने दाबून पाहावे. दोन पिनांच्या प्लगमध्ये अर्धा मिलिमीटर अंतर राहिले तरी संच उत्तर देत नाही, आणि ड्रायव्हर बदलण्यात संध्याकाळ जाते. संच चालू करून मोकळ्या चॅनलवर ठेवावा. मग आधी संचातली माहिती संगणकात उतरवावी आणि ती फाइल तारखेसह, काहीही न बदलता, वेगळी जपून ठेवावी. दुसऱ्याकडून मिळालेली संपूर्ण फाइल आपल्या संचात कधीही चढवू नये, कारण तिच्यात चॅनलबरोबर त्या संचाच्या आवृत्तीच्या इतर नोंदीही असतात. आपल्या संचातून उतरवलेल्या फाइलमध्ये फक्त ओळी चिकटवाव्यात.

चर्पच्या तक्त्यात ड्युप्लेक्सच्या (शिफ्टच्या दिशेच्या) स्तंभात उणे किंवा अधिक चिन्ह, ऑफसेटमध्ये ०.६००, टोनच्या प्रकारात नुसता टोन की टोन स्क्वेल्च, असे भरावे. नुसता टोन म्हणजे फक्त पाठवणे. टोन स्क्वेल्च म्हणजे ऐकतानाही तपासणे. केवळ ऐकण्याच्या घरांत, उदाहरणार्थ १५६.८०० या समुद्री चॅनल १६ साठी, ड्युप्लेक्सचा पर्याय बंद असा ठेवावा, म्हणजे चुकून पीटीटी दाबले गेले तरी प्रसारण होत नाही. हौशी बँडबाहेरचे प्रत्येक घर मी असेच भरतो आणि ते न विसरण्यासाठी त्याच्या नावाची सुरुवात ठरावीक अक्षराने करतो. चढवताना पट्टी पूर्ण होईपर्यंत केबलला हात लावू नये.

साठवलेले हरवते कसे

आजचे संच चॅनल अशा चिपमध्ये ठेवतात, जिला माहिती टिकवायला वीज लागत नाही. बॅटरी महिनाभर काढून ठेवली तरी घरे शाबूत राहतात. जुन्या अनेक संचांत मात्र आत बसवलेला लिथियमचा लहान सेल मेमरी जिवंत ठेवतो, आणि काही वर्षांनी तो संपला की संच चालतो, पण दर वेळी बंद केल्यावर सगळे विसरतो. जुना संच विकत घेताना दोन चॅनल साठवून, वीज पूर्ण तोडून, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहणे म्हणूनच शहाणपणाचे.

दुसरा धोका रीसेटचा. यूव्ही-५आर च्या मेनू ४० मध्ये दोन पर्याय असतात: व्हीएफओ म्हटले तर फक्त मेनूची मांडणी मूळ पदावर येते, ऑल म्हटले तर सगळी घरेही पुसली जातात. भाषा अनोळखी झाली किंवा कळफलक बंद पडल्यासारखा वाटला की लोक थेट ऑलकडे जातात. त्याआधी कळफलकाचे कुलूप लागलेले नाही ना, हे चावीची खूण असलेले बटण दोन सेकंद धरून पाहावे.

टोन किंवा शिफ्ट बदलल्याचे कळले की संचातले घर, संगणकातली फाइल आणि कागदी तक्ता या तिन्ही ठिकाणी बदल त्याच दिवशी करावा. तक्त्याची छापील प्रत घडी घालून संचाच्या पिशवीत ठेवावी, आणि तिच्यावर शेवटच्या बदलाची तारीख वरच्या कोपऱ्यात पेनने लिहावी.